आईसाठी लहान जातीचा कुत्रा घ्यायचाय : सोलापुरात महिन्याला खरा खर्च किती येतो?

कडकभाकरी

नमस्कार मंडळी,

बाबा जाऊन येत्या आषाढात दोन वर्षं होतील. आई जुळे सोलापूरच्या घरात एकटी राहते. वय ७१. गुडघे सोडले तर तब्येत चांगली आहे. मी पुण्यात, दर पंधरा दिवसांनी हुतात्मा एक्स्प्रेसनं येते. भाऊ हैदराबादला. परवा फोनवर बोलता बोलता ती म्हणाली, "एखादं छोटंसं कुत्रं असतं तर रात्री खुट्ट झालं की माझ्याबरोबर जागं व्हायला कुणीतरी असतं." माझी आई काही मागणाऱ्यातली नाही, त्यामुळे ते वाक्य मनातून जाईना.

रविवारी दोन-तीन ठिकाणी चौकशी केली. पॉमेरियन ८ हजार, पग १६ हजार, शिह त्झू ३० हजारांच्या पुढे. एक दुकानदार म्हणाला, "ताई, एवढंसं पिल्लू, खाऊन खाऊन किती खाणार? महिन्याला हजार धरा." त्याच्याकडचं पिल्लू ३५ दिवसांचं आहे.

खर्च मी आणि भाऊ करणार. पण आपल्यापायी पोरांना फार पडतंय असं आईला वाटलं, तर ती दुसऱ्या दिवशी नको म्हणेल, आणि तोवर जीव लागलेला असेल. म्हणून आकडा आधीच माहीत हवा. ज्यांच्या घरी सोलापुरात लहान कुत्रा आहे त्यांनी आपले खरे आकडे सांगावेत. पुण्या-मुंबईचे दर मला कळतात, ते नकोत.

निळीचादर

कडकभाकरी ताई, आधी आईंना नमस्कार सांगा.

माझ्याकडे चिंगी आहे. २०१४ च्या दिवाळीत आणली, तेव्हा चार हजाराला मिळाली होती. आपण सगळे जिला 'पॉमेरियन' म्हणतो ती बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असते, चिंगीही तीच. खरा पॉमेरेनियन दोन-तीन किलोचा असतो. तोंड आखूड, अंग म्हणजे पिंजलेला कापूस. तुम्हाला आठ हजारात सांगतायत तो स्पिट्झच असणार. त्यात वाईट काही नाही, आपल्या हवेत तो बरा टिकतो. फक्त स्पिट्झलाच 'टॉय पॉम' म्हणून पंचवीस हजाराला गळ्यात मारतात, तेवढं जपा.

मी किराण्याची लिहिते तशी चिंगीची वही लिहिते. गेल्या वर्षी ती एकदाही आजारी पडली नाही, म्हणून त्याच वर्षाचे आकडे देते. याच्या खाली खर्च जात नाही असं समजा.

कोरडं खाणं लहान जातीचं. तीन किलोची पिशवी ११५० ला, सहा किलोच्या चिंगीला रोज साठ ग्रॅम, म्हणजे एक पिशवी पन्नास दिवस. वर्षाला सात पिशव्या, ८०५० रुपये. एका वेळेला घरचं देते. चिकन, अंडं, लाल भोपळा, भात, त्याचे महिन्याला पाचशे धरून ६०००. वर्षाची एकत्र लस आणि रेबीजची लस मिळून १२५०, तपासणीचे ३००. जंताचं औषध तीन महिन्यांतून एकदा, चारदा मिळून २४०. गोचिडाची गोळी ५५० ला एक आणि ती महिनाभर पुरते. मी वर्षात आठ दिल्या, ४४००. केस विंचरणं, नखं, अंघोळ असं सगळं बाहेरून पाच वेळा, ४०००. आम्ही लग्नाला गेलो तेव्हा नऊ दिवस सांभाळायला ठेवली, रोजचे ५०० प्रमाणे ४५००. शांपू, कंगवा, नवा पट्टा धरून १३००.

बेरीज ३०,०४०. महिन्याला अडीच हजार. दुकानदाराच्या हजारात खाणंसुद्धा पूर्ण बसत नाही.

आता वहीची मागची पानं. २०१९ ला चिंगीच्या गर्भपिशवीत पू झाला. माजावर येऊन गेल्यावर महिनाभरानं ती सारखी पाणी प्यायला लागली आणि खायची बंद झाली. आम्हाला वाटलं उन्हाळा आहे, पाणी पिणारच. तिसऱ्या दिवशी उठेना. रात्री ऑपरेशन करून पिशवी काढली, १८,००० झाले. डॉक्टरांनी दीड वर्षाची असतानाच पिशवी काढून घ्या म्हणून सांगितलं होतं, तेव्हा पाच हजारात झालं असतं. मी 'एवढ्याशा जिवाला कशाला कापायचं' म्हणून पुढे ढकललं. त्या रात्री तिला टेबलावर पाहिलं आणि तेच वाक्य मला आठवत राहिलं. मादी घेतलीत तर हे पैसे पहिल्या वर्षातच बाजूला काढा. नंतर २०२२ ला दात, ९५००. २०२३ ला गोचिडाचा ताप, ७२००. अकरा वर्षांत आजारपणाचे ३४,७०० झाले. वर्षावर वाटले तर तीन हजारच दिसतात, पण ते कधी असे वाटून येत नाहीत. एका रात्रीत अठरा हजार मागतात.

एक बचत सांगते. कुत्र्यांचे बिछाने दुकानात हजार-दीड हजाराला असतात, ते घेऊ नका. आपण सोलापुरात राहतो. जुनी चादर चौघडी करून टाकायची, वर कारखान्यातला सेकंडचा, म्हणजे किरकोळ खोट निघालेला टॉवेल. धुवायला सोपं, आणि उन्हाळ्यात टॉवेल ओला करून पिळून अंथरला की चिंगी त्याच्यावरून हलत नाही.

माळढोक

पग घेऊ नका. इतकंच लिहून थांबणार होतो, पण कारण सांगायला हवं.

माझ्याकडे पग होता, बंड्या. विजापूर रोडला आमचं घर वरच्या मजल्यावर, वर थेट स्लॅब. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो, ती वाफ जाते म्हणून अंग थंड होतं. पगचं नाक आत दाबलेलं, नाकपुड्या चिरेएवढ्या, घशात मागे जास्तीचं मांस. त्याला धाप नीट टाकताच येत नाही. आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जाणं नवं नाही.

मे महिना होता. सकाळी नऊला त्याला खाली नेलं, पंधरा मिनिटांसाठी. परत येताना जिन्यातच आडवा झाला. जीभ जांभळी, तोंडातून चिकट लाळ. दवाखान्यात अंगातला ताप १०७ भरला. कुत्र्याचा नेहमीचा १०१ ते १०२.५ असतो. आम्ही घरून निघतानाच अंगावर साधं पाणी ओतत होतो आणि गाडीतला एसी पूर्ण सोडला होता, डॉक्टर म्हणाले त्यामुळेच वाचला. बिल ६५०० झालं. त्यानंतर त्याच्यासाठी हॉलमध्ये एसी बसवला. आमचं उन्हाळ्याचं वीजबिल १४०० यायचं ते ४२०० वर गेलं, तीन महिने, दरवर्षी. कुत्र्याचा खर्च विचारला तर कुणी हा आकडा सांगत नाही, कारण तो महावितरणच्या कागदावर येतो.

शिवाय तोंडावरच्या घड्या रोज पुसायच्या, नाहीतर आत कुजतं. डोळे बाहेर आलेले, तुळशीच्या कुंडीची काडी लागून एकदा बुबुळावर जखम झाली होती. वजन लगेच वाढतं, आणि वाढलं की श्वास आणखी अडतो. बंड्या साडेनऊ वर्षांचा होऊन गेला. फार गुणी होता. पण सोलापुरात तो आयुष्यभर गुदमरला, आणि तो आम्ही हौसेनं इथे आणला होता. शिह त्झूचं तोंडही चपटंच, त्यालाही हेच लागू. त्यात केस रोज विंचरायचे.

बाळीवेसकर

सगळ्यांचं वाचलं. मला मनापासून प्रश्न पडलाय. आमच्या वाड्यात मी लहान असताना दोन-दोन कुत्री होती. सकाळची भाकरी दुधात कुस्करून, रात्री उरलंसुरलं. चांगली दहा-बारा वर्षं जगली. ना गोळी, ना कोरडं खाणं. मग आत्ताच महिन्याला अडीच हजार कसे लागायलेत? गरीब माणसानं कुत्रं पाळूच नये का?

गोठ्याकडून

बाळीवेसकर, प्रश्न रास्त आहे. मी पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालोय, जिल्ह्यातल्या तीन तालुक्यांत नोकरी केली. जमेल तेवढं उत्तर देतो.

वाड्यातली कुत्री दहा वर्षं जगली ती लक्षात राहतात. त्यांच्याबरोबर जन्मलेली चार-पाच पिल्लं पहिल्या पावसाळ्यात गेलेली असतात, ती कुणाच्या लक्षात राहत नाहीत. जी उरली ती मुळातच काटक. शिवाय ती मोकळी फिरून काय काय खायची. आज बंद फ्लॅटमधल्या तीन किलोच्या कुत्र्याला आपण देऊ तेवढंच मिळतं.

भाकरीनं पोट भरतं, पण कुत्र्याला लागणारं मांसाचं पोषण त्यात नाही. मोठ्या वयाच्या बऱ्याच कुत्र्यांना दूध पचत नाही, पातळ होतं. घरचं खाणं वाईट नाही, निगुतीनं द्या. अंडं, चिकन, भात, भोपळा, गाजर, आणि कॅल्शियम वगैरे डॉक्टरांना विचारून. तीन किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण अडीचशे कॅलरी पुरतात, हे खाणं महागडं होत नाही. गरीब माणसानं कुत्रं जरूर पाळावं. लस, जंत आणि गोचीड या तीन गोष्टी सोडू नयेत, बाकी सगळीकडे हात आखडता घेता येतो. सरकारी जनावरांच्या दवाखान्यात केसपेपरचे पैसे नाममात्र असतात. २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो, त्या सुमारास बऱ्याच ठिकाणी रेबीजची लस मोफत टोचतात, तेवढं लक्ष ठेवा.

आपल्या घरात काय देऊ नये ते मात्र पाठ करा. कांदा आणि लसूण, कच्चा असो की शिजलेला, त्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आपल्याकडे भाकरीला शेंगाचटणी लागलेली असते आणि तिच्यात लसूण असतो. मोठ्या कुत्र्याला एखादा घास खपून जाईल, तीन किलोच्या कुत्र्याला तेच प्रमाण जास्त होतं. बेदाणे, मनुका आणि द्राक्षं मूत्रपिंडावर येतात. सत्यनारायणाच्या शिऱ्यातला बेदाणासुद्धा नको. चॉकलेट नको. शिजवलेलं कोंबडीचं हाड नको, ते फुटून टोकदार होतं. आणि ताप आला म्हणून आपल्या डब्यातली तापाची किंवा दुखण्याची गोळी कधीही देऊ नका.

कडकभाकरी

काका, फार उपयोगी. आई रोज देवाला बेदाणे ठेवते, आजच सांगते. गोचिडाचा ताप म्हणजे काय? आणि ३५ दिवसांच्या पिल्लाबद्दल तुमचं मत?

गोठ्याकडून

गोचीड चावताना रक्तात जंतू सोडतो. ताप येतो, खाणं सुटतं, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. प्लेटलेट्स उतरतात. रक्त तपासून औषध सुरू करतात, ते साधारण चार आठवडे चालतं. लवकर कळलं तर कुत्रा बरा होतो. आपल्याकडचा तपकिरी गोचीड फक्त अंगावर राहत नाही. तो भिंतीच्या भेगेत, दिवाणाच्या सांध्यात चढतो आणि मादी तिथे हजारांनी अंडी घालते. म्हणून नुसतं कुत्र्याला धुऊन भागत नाही. केस दाट असलेल्या जातीत तो सापडतही नाही. रोज संध्याकाळी कानामागे, बोटांच्या बेचक्यात, शेपटीच्या मुळाशी हात फिरवायचा, दोन मिनिटं लागतात. निळीचादर ताईंनी वर्षात आठ गोळ्या लिहिल्यात, सोलापुरात खरं तर थंडीतही सुट्टी देऊ नये.

पस्तीस दिवसांचं पिल्लू घेऊ नका. कुत्र्यांच्या विक्रीचे केंद्राचे २०१७ चे नियम आहेत, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. आणि ते कागदासाठी नाहीत. त्या वयात आईच्या दुधातलं संरक्षण ओसरायला लागतं, आणि पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची. पुढे तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं सोळा आठवड्यांपर्यंत. या मधल्या काळात पार्वो, म्हणजे रक्ताच्या हगवणीचा विषाणू, गाठतो. विक्रेत्याची नोंदणी विचारा, लसीकरणाचं कार्ड मागा, त्यावर लसीच्या बाटलीची चिठ्ठी चिकटवलेली आणि डॉक्टरांची सही असायला हवी.

उन्हाळसुट्टी

पार्वोचं मी सांगते. आम्ही असंच चाळीस दिवसांचं पिल्लू आणलं होतं. दुकानाचं नाव लिहीत नाही. माझ्या मुलीनं वाढदिवसाचे साठवलेले पैसे त्यात घातले होते. चौथ्या दिवशी उलटी, पाचव्या दिवशी रक्ताची हगवण. पाच दिवस सलाईन, सकाळ-संध्याकाळ दवाखाना, रात्री चमच्यानं पाणी. नऊ हजार झाले. सलाईनच्या सहाव्या दिवशी पहाटे ते गेलं.

दुकानदार म्हणाला दुसरं घेऊन जा. आम्ही नाही आणलं, आणि बरं झालं. तो विषाणू घरात फरशीवर, बिछान्यात कित्येक महिने राहतो असं डॉक्टरांनी सांगितलं. एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी करून फरशा पुसायला लावल्या, भांडी-बिछाना टाकून दिला. लस न झालेलं दुसरं पिल्लू आणलं असतं तर तेही गेलं असतं.

मुलगी आता अकरावीला आहे. अजून त्या गल्लीतून जात नाही.

सात_रस्ता

पुण्याच्या खर्चाचं इथे कुणी बोललं नाही. लहान जातीत गुडघ्याची वाटी सरकण्याचा त्रास असतो. आमचा ब्रूनो, तीन किलोचा पॉम, दिवाणावरून उडी मारायचा. चालता चालता मागचा एक पाय तीन पावलं उचलून धरायचा, मग पुन्हा नीट. आम्हाला ती त्याची लकब वाटायची. दोन वर्षांनी पाय टेकवेना तेव्हा तपासलं. इथल्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं की हे पुण्याला करून घ्या. ऑपरेशन ३८,००० आणि पुण्याच्या तीन खेपा.

खेप म्हणजे काय ते ऐका. अडीचशे किलोमीटर. रेल्वेत कुत्रा सोबत हवा तर फर्स्ट एसीची केबिन किंवा कूपे पूर्ण आपल्या नावावर लागते, नाहीतर गार्डाच्या डब्यातली पेटी. टाके घातलेला तीन किलोचा जीव पेटीत कोण ठेवणार? वंदे भारतमध्ये तर प्रश्नच नाही. म्हणजे स्वतःची गाडी. सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस, चार टोल जाताना, चार येताना. पेट्रोल धरून एका खेपेला चार हजार. कुत्र्याच्या पायाला बारा हजार रस्त्यानं खाल्ले.

आता दिवाणाला, सोफ्याला लाकडी उतार करून घेतलाय, सुताराला साडेसातशे दिले. तो पहिल्या महिन्यात करायला हवा होता. अजून एक, गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा घ्या. पॉमची श्वासनळी नाजूक असते, ओढाताणीनं दबते आणि हंसासारखा खोकला लागतो.

हुरडा

सात_रस्ता, विमा नव्हता का? माझ्या ऐकण्यात आहे की कुत्र्यांचाही काढतात.

सात_रस्ता

काढतात. पण आधीपासूनचा आजार धरत नाहीत आणि वयाची अट असते. आमचा पाय कागदोपत्री आधीचाच निघाला. त्यापेक्षा आम्ही पोस्टात पाचशेची आरडी सुरू केली, ब्रूनोच्या नावानं म्हणतो आम्ही, असते अर्थात बायकोच्या नावावर.

निळीचादर

दातांचं मी नुसता आकडा लिहून पुढे गेले, ते सविस्तर सांगते. कुत्रा मोठा असो की छोटा, दात बेचाळीसच. छोट्या जबड्यात ते दाटीवाटीनं बसतात, मध्ये अन्न अडकतं, किटण चढतं. चिंगीच्या तोंडाला वास यायचा, आम्ही म्हणायचो कुत्र्याचं तोंड आहे, येणारच. आठव्या वर्षी गालाखाली सूज आली, दाढेच्या मुळाशी पू. माणसासारखं 'आ' करून बसवता येत नाही, भूल द्यावी लागते, त्याआधी रक्ताच्या तपासण्या. पाच दात काढले. म्हणून ९५००.

आता कुत्र्यांची पेस्ट आणलीय, अडीचशे रुपयांची ट्यूब चार महिने जाते. रोज रात्री बोटावर घेऊन फिरवते. आपली पेस्ट चालत नाही, कुत्रा ती गिळतो ना.

आणि पाणी. पुण्यात लक्षात येणार नाही, पण आईंच्या भागात नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते तुम्हाला माहीत आहे. आमच्याकडे चार-पाच दिवसांनी येतं. स्पिट्झचा कोट दुहेरी, आतपर्यंत भिजायला दोन बादल्या, शांपू निघायला अजून दोन. मी महिन्यातून एकदाच, नळाच्या दिवशी धुते. मध्ये नुसतं विंचरते. उन्हाळ्यात गरम होतं म्हणून वस्तरा फिरवून सगळे केस काढू नका, तो कोट ऊनही अडवतो, आणि कधीकधी पुन्हा नीट येत नाही.

हुरडा

मी वेगळं विचारतो, राग मानू नका. आईंचं वय ७१. लहान जाती तेरा-चौदा वर्षं सहज जगतात, कधी जास्त. पिल्लू पहिले चार महिने दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यावं लागतं, रात्रीसुद्धा. पायात येतं, चपला ओढतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला घरात पायात घुटमळणारं पिल्लू म्हणजे पडायची भीती. माझ्या मावशीचं हाड असंच मोडलं, आणि त्यात कुत्र्याची चूक नव्हती. आणि हळव्या शब्दांत न सांगता विचारतो, आईंनंतर कुत्रा कुणाकडे? हा प्रश्न तुम्ही आणि भावानं आज सोडवून ठेवा.

माझ्या मते पाच-सहा वर्षांचा, सवयी लागलेला कुत्रा बघा. बदलीमुळे, परदेशी गेल्यामुळे लोक देतात. गावठी पिल्लूही उत्तम, हवेला सरावलेलं, केसांचा खर्च नाही. पण ते पंधरा-अठरा किलोचं होतं, ओढलं तर आईंना आवरणार नाही.

माळढोक

हुरडा यांना पूर्ण अनुमोदन. अजून एक, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या वेळचं शोभेचं दारूकाम आणि दिवाळी. होम मैदानापासून तुम्ही लांब आहात, तरी आवाज पोचतो. बंड्या मोरीत जाऊन बसायचा. त्या रात्री आई एकट्या नकोत, तुमच्या सुट्ट्या तशा ठेवा.

कडकभाकरी

हुरडा, राग कसला. तुमचा प्रतिसाद वाचून मी दोन दिवस इथे लिहिलं नाही. भावाशी बोलले. आईनंतर कुत्रा माझ्याकडे येईल असं ठरलं. घर भाड्याचं आहे, पण मालकांना विचारलं आणि त्यांनी हो म्हटलंय. आईला हे सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

पिल्लाचा विचार सोडला. कुणाला मोठा, शांत स्पिट्झ द्यायचा असेल तर निरोप करा.

कडकभाकरी (तीन आठवड्यांनी)

मंडळी, सांगायचं राहिलं होतं.

होटगी रोडला एक कुटुंब बंगळूरला जाणार होतं. त्यांच्याकडे सहा वर्षांची स्पिट्झ, राणी. पिशवी काढलेली, कार्डावर सगळ्या लसींच्या चिठ्ठ्या. पैसे नको म्हणाले, फक्त महिन्यातून एकदा फोटो पाठवा म्हणाले. आईला घेऊन गेले. राणी आधी दिवाणाखाली गेली. आईनं हाक मारली नाही, हात पुढे केला नाही, नुसती खुर्चीत बसून त्या बाईंशी बोलत राहिली. वीस मिनिटांनी राणी येऊन आईच्या पावलावर हनुवटी टेकून बसली. त्या बाई आत जाऊन रडून आल्या. त्यांच्या मुलानं तिची वाटी, तिचा कंगवा आणि एक फाटका चेंडू पिशवीत घालून दिला.

डॉक्टरांनी तपासली. वजन साडेसहा किलो, अर्धा किलो कमी करा म्हणाले. दातांवर किटण आहे, थंडीत साफ करून घ्यायचं, सहा हजार सांगितलेत. रक्ताची तपासणी आणि गोळी मिळून पहिल्या दिवशी १९०० झाले. मी आणि भावानं महिन्याला तीन हजार एका वेगळ्या खात्यात टाकायचं ठरवलंय. अडीच निळीचादर ताईंच्या वहीप्रमाणे आणि पाचशे सात_रस्ता यांच्या आरडीप्रमाणे. आईला अडीच हजारच सांगितलेत. ती म्हणाली, "माझ्या गोळ्यांपेक्षा कमीच की."

दिवाणाला उतार झाला. फिरायला सकाळी साडेसहाच्या आत आणि रात्री नऊनंतर, आई आधी रस्त्यावर स्वतःचा हात उलटा टेकवून तो तापलाय का ते बघते. बेदाण्याऐवजी देवाला खडीसाखर.

काल पहाटे आईचा फोन आला, मी घाबरूनच उचलला. म्हणाली, "गेटाशी आवाज झाला, मी उठायच्या आत ही दाराशी. दूधवाला होता. लवकर आला होता आज." मग बराच वेळ ती काही बोललीच नाही, पलीकडून राणीच्या नखांचा फरशीवर टक-टक आवाज येत होता.

निळीचादर ताई, ते सेकंडचे टॉवेल कुठे मिळतात तेवढं सांगा.

निळीचादर

आमच्या ओळखीचा कारखाना अक्कलकोट रोडला एमआयडीसीत आहे, पण ते सुटे देत नाहीत, किलोवर देतात. तुम्ही कशाला जाताय. माझ्याकडे चिंगीचे धुतलेले सहा आहेत, दोन-तीन राणीला. आईंचा पत्ता निरोपात कळवा, रविवारी आणून देते. चिंगीला आणू का सोबत, ते राणीच्या मूडवर.